हरळी आणि दूर्वा

पोह्यांवर झाकण ठेवून प्रमोदिनीकाकूंनी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि किंचाळून लगेच आपटून बंद केली. गजांमधून गाजरगवताचा एक भलामोठा शेंडा आत आला होता आणि थेट पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याच्या डबीवर टेकला होता.

"अहो, ऐकलंत का? गवत घरात आलं! आता पानावरही येऊन बसेल पोहे खायला!"

बँकेतून निवृत्त झालेले श्रीकृष्णराव दिघे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि "हूं" म्हटलं. गेली चाळीस वर्षं त्यांचा संसार याच एका अक्षरावर चालला होता.

इंदूरच्या बड्या गणपतीच्या देवळाच्या मागच्या अंगाला ही कॉलनी आहे. कुणाचे आजोबा मिलमध्ये कारकून म्हणून आले, कुणाचे रेल्वेत, आणि इंदूरचेच होऊन गेले. दिघ्यांच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट आणि प्लॉटाच्या पलीकडे देवयानी रेगेचं घर. या प्लॉटाला सगळे 'खाली प्लॉट' म्हणतात. पुण्याहून पाहुणे आले की हमखास विचारतात, "खाली म्हणजे तळमजल्यावर का हो?" इंदूरची मराठी मंडळी हसतात. रिकाम्याला खाली म्हणायची सवय इतकी मुरली आहे की दुसरा शब्द आता तोंडात येत नाही.

प्लॉटाचा मालक विपुल बंगलोरला नोकरीला. त्याला वडिलांकडून जमीन मिळाली, पण तिच्यावरचं गवत काही त्याला मिळालं नाही. ते कॉलनीलाच मिळालं. पावसाळा लागला की टाकळा, आघाडा, गाजरगवत असं माणूसभर उंच माजायचं. डास तर विचारूच नका. त्यात आठवड्यापूर्वी शेजारच्या शैलजा गोखलेच्या फाटकापाशी सापाची कात निघाली, तेव्हापासून बायका फाटकाबाहेर पाय टाकताना आधी काठी आपटायच्या. ज्या शहरात माणूस चॉकलेटचा कागद खिशात घालून डबा शोधत फिरतो, त्याच शहरातल्या या कॉलनीत हे रान उभं होतं. काकू दर पावसाळ्यात कॉलनीच्या ग्रुपवर 'कृपया लक्ष द्यावे' असं लिहायच्या. मग सगळेजण हात जोडल्याचं चित्र टाकायचे आणि लक्ष कुणीच द्यायचं नाही.

यंदा देवयानीनं लक्ष दिलं, आणि इथूनच काकूंचं दुखणं सुरू झालं.

तसं म्हणायला हे दुखणं जुनंच. देवयानी काकूंहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. लग्न होऊन आली तेव्हा काकूंनीच तिला कॉलनीत हाताला धरून फिरवलं. दिघ्यांकडे भाद्रपदात उभ्या महालक्ष्म्या असतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. त्यांना साडी नेसवायचं काम देवयानीनं पहिल्याच वर्षी हातात घेतलं. काय नेसवायची ती! निऱ्या अशा की मोजून घ्याव्यात, पदर असा की वाटावं, ही बाई आत्ता पाऊल उचलेल. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या पलासियापासून बायका बघायला यायच्या. यायच्या दिघ्यांकडे, पुरणपोळी खायच्या काकूंच्या हातची, आणि जाताना म्हणायच्या, "देवयानी, क्या बात है गं!" काकू हसून मान डोलवायच्या. आत मात्र जळायच्या.

दोन वर्षांपूर्वी देवयानीचा नवरा हृषीकेश गेला. ऑफिसात खुर्चीवरच गेला. काकू खूप रडल्या, खोटं रडल्या नाहीत. पण त्या रडण्याच्या तळाशी, जिथं माणूस स्वतःही बघायला जात नाही तिथं, एक बारीकसा विचार येऊन बसला होता. आता कुणी देवयानीची साडी म्हणणार नाही. भाद्रपद आला, आणि काकूंनी तिला बोलावलंच नाही. कुणी विचारलं तर खालच्या आवाजात म्हणाल्या, "काय करणार गं, आमच्याकडे सवाष्णच लागते." सगळ्यांनी हळहळून मान हलवली. किती सोपं झालं ते! मत्सराला पुढं येऊन तोंड दाखवायची गरजच पडली नाही. रूढीनं त्याचं सगळं काम करून टाकलं.

तर देवयानीनं विपुलला फोन लावला, गवत कापायची परवानगी काढली, जवळच्या सांवेर गावाहून हरी नावाच्या माणसाला त्याच्या गवत कापायच्या मशीनसकट बोलावलं आणि रविवारी सकाळी सगळ्या घरांच्या घंट्या वाजवल्या.

"चला भिया, विळा, खराटा, जे असेल ते घेऊन या! पोहे-जिलबी माझ्याकडे!"

आणि नवल म्हणजे सगळे गेले. ग्रुपवर नुसते हात जोडणारे ते हात खरोखरच्या कामाला लागले. काकूंची सून अनुश्री ऑफिसची सुट्टी म्हणून उशिरापर्यंत झोपायची, तीही ओढणी कमरेला बांधून गेली. काकूंचं नेमकं त्याच वेळी डोकं दुखायला लागलं. त्या कपाळाला बाम चोळून पलंगावर पडल्या, मग उठून खिडकीशी आल्या, मग परत पडल्या. शेवटी खिडकीशीच उभ्या राहिल्या.

आणि काय बघतात, तर श्रीकृष्णराव! घरात प्यायलेला कप जागचा न हलवणारा माणूस, गवताचे भारे खांद्यावर घेऊन चालला होता! वर हसत होता!

दुपारी ते घरी आले तेव्हा कपड्यांना कुसळं आणि तोंडभर जिलबीचा गोडवा. "काय बाई आहे हो ही देवयानी! एकदम बढिया काम. आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही ते तिनं एका दिवसात केलं."

आपल्याला म्हणजे कुणाला, हे काकूंना बरोबर कळलं. चाळीस वर्षं हूं करणारा माणूस आज सलग तीन वाक्यं बोलला होता, आणि तीही दुसऱ्या बाईच्या कौतुकात.

"जिलबी पचवा आधी. शुगर वाढेल," काकू म्हणाल्या आणि भांडी अशी आपटली की शैलजानं तिकडून विचारलं, काय पडलं म्हणून.

प्लॉट स्वच्छ झाला. पण एका कोपऱ्यात, दिघ्यांच्या भिंतीला लागून, देवयानीनं हरीला मशीन चालवू दिलं नव्हतं. तिथं हरळी होती आणि आघाड्याची दोन-चार झाडं. चार विटा लावून तिनं तेवढा तुकडा राखला. भाद्रपद तोंडावर, गणपतीला दूर्वा लागणार, महालक्ष्म्यांना आघाडा लागणार, बायकांनी कुठं शोधत फिरायचं, असा तिचा विचार. बोलली मात्र कुणाशीच नाही.

ही हरळी म्हणजे गंमतच आहे. शेतात उगवली तर तण, उपटून टाका. तीच देवाच्या तबकात आली की दूर्वा, तिला नमस्कार. गवत एकच, पण त्याला काय म्हणायचं ते ज्याच्या त्याच्या सोयीवर.

त्यात पावसानं दडी मारली. ऊन असं तापलं की कापलेलं गवत पिवळं पडलं, पण तो विटांमधला तुकडा हिरवागार. काकू रोज सकाळी परडी घेऊन जायच्या आणि कोवळ्या कोवळ्या दूर्वा खुडून आणायच्या. "बघा, गणपतीची कृपा," त्या बायकांना सांगायच्या. "आपोआप उगवतंय."

एकदा नेहमीपेक्षा लवकर जाग आली म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या. खिडकीतून पाहिलं तर देवयानी उकिडवी बसलेली. शेजारी पाण्याची बादली. मगानं थोडं थोडं पाणी घालत होती, मध्येच उगवलेलं गाजरगवत उपटून बाजूला टाकत होती. कुणी उठायच्या आत तिनं बादली उचलली आणि घरात गेली.

काकू खिडकीशी थिजून उभ्या राहिल्या. पहिल्यांदा वाटलं, हाक मारून तिला चहाला बोलवावं, हे खरं. पण लगेच त्याच्या मागून ते जुनं दुखणं वर आलं. म्हणजे आता दूर्वाही हिच्याच! माझ्या देवाच्या डोक्यावर मी वाहते त्याही हिच्याच!

थोड्या वेळानं त्यांनी परडी घेतली, बाहेर गेल्या आणि रोजच्यासारख्या दूर्वा खुडल्या. कुणाला काही सांगितलं नाही.

महालक्ष्म्या यायच्या दोन दिवस आधी देवयानी दिघ्यांच्या दारात उभी राहिली. हातात कागदात गुंडाळलेल्या दोन माहेश्वरी साड्या, एक अंजिरी, एक हिरवी. काकू लाडू वळत होत्या, अनुश्री शेजारी वेलदोडे सोलत होती.

"ये की आत," काकू म्हणाल्या. त्या 'ये' म्हणाल्या तरी जागच्या हलल्या नाहीत.

देवयानी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबली. "काकू, हृषीकेशला या साड्या द्यायच्या होत्या तुमच्या महालक्ष्म्यांना. जायच्या आधी त्यानं महेश्वरच्या विणकराला सांगून ठेवल्या होत्या, त्या राहूनच गेल्या होत्या, आत्ता आल्या." तिनं साड्यांवरचा कागद नीट केला. "मी नेसवू का? कुणी यायच्या आत नेसवते आणि निघून जाते. आवाहनाला थांबणार नाही. दोन वर्षं झाली हो काकू, हात नुसते शिवशिवतात."

एवढंच मागणं होतं तिचं. मिरवणं नको, मान नको. ज्या दोन मूर्तींना तिनं लेकींसारखं नटवलं, त्यांच्या निऱ्या एकदा हातात धरायच्या होत्या.

काकूंच्या मनात त्या क्षणी काय आलं? शास्त्र आलं नाही. धर्म आला नाही. पलासियाच्या बायका आल्या. 'यंदा साडी काय सुरेख नेसवलीय, देवयानी आली होती का?' असं विचारणाऱ्या त्या बायका आल्या.

"माझं काही नाही गं देवयानी," काकू अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "तुला तर पता आहे, मी कशी आहे ते. पण लोक बोलतात. उद्या कुणाकडे काही कमी-जास्त झालं तर तुलाच बोल लावतील. तुझ्यासाठीच म्हणते मी. साड्या ठेवून जा, मी नेसवीन."

देवयानीनं साड्या उंबऱ्यावर ठेवल्या. "बरं," म्हणाली आणि प्लॉटातून चालत घरी गेली. जाताना विटांजवळ जरा वाकली, एक कोपऱ्यातली वीट कलंडली होती ती सरळ केली.

अनुश्रीच्या हातातले वेलदोडे तसेच राहिले. "आई, तिनं केलेले पोहे सगळ्यांनी खाल्ले. तिनं बोलावलं तेव्हा सगळे घाम गाळायला गेले. तेव्हा कुणी काही बोललं का?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? समजावा मला."

"तुला नाही कळायचं. रीत आहे ती," काकू म्हणाल्या. लाडू त्यांच्या मुठीत फुटला.

आवाहनाचा दिवस उजाडला. सकाळपासून काकू साडीशी झगडत होत्या. माहेश्वरी कापड हलकं, निऱ्या धरल्या की सुटत. एकीचा पदर आखूड झाला, दुसरीची साडी एका बाजूनं वर चढली. टाचण्या लावून लावून बोटं टोचली. शेवटी श्रीकृष्णराव डोकावले आणि म्हणाले, "जरा डावीकडे कलल्यासारखी वाटतेय." काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते परत 'हूं'वर आले.

संध्याकाळी बायका जमल्या. दारात रांगोळी, उंबऱ्यापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं. दिघ्यांच्या घरची रीत अशी की दोघी सवाष्णींनी सुपात मुखवटे घ्यायचे, जिथं दूर्वा-आघाडा असेल तिथं जायचं, मुखवट्यांपाशी दूर्वा ठेवायच्या आणि तिथून गौर घरी आणायची. घरची मोठी बाई उंबऱ्याच्या आत उभी राहून विचारते, "गौर आली, कुठून आली?" बाहेरच्या म्हणतात, "हिरव्या रानातून आली." मग विचारायचं, "कशाच्या पावलांनी आली?" त्यांनी म्हणायचं, "सोन्याच्या पावलांनी आली." मग पाय धुऊन आत घ्यायचं.

ज्येष्ठा अनुश्रीच्या हातात होती आणि कनिष्ठा शैलजाच्या. पूर्वी कनिष्ठा देवयानीच्या हातात असायची. थाळी-चमचा वाजवत बायका प्लॉटावर गेल्या. अनुश्रीनं विटांमध्ये हात घालून दूर्वा खुडल्या, सुपात ठेवल्या. पलीकडे देवयानीचं दार बंद होतं. आपण कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिनंच ते लावून घेतलं होतं. सणासुदीला या बाईनं स्वतःच्याच घरात लपून बसायचं, आणि आपण त्याला तिचा समजूतदारपणा म्हणायचं!

बायका दारापाशी आल्या. काकू उंबऱ्याच्या आत, नथ, नवी साडी, चेहऱ्यावर यजमानीणपण.

"गौर आली, कुठून आली?"

अनुश्रीनं सुपातल्या दूर्वांकडे पाहिलं.

काकूंना वाटलं, विसरली पोरगी. त्यांनी हसून पुन्हा विचारलं, "गौर आली, कुठून आली?"

"देवयानीताईंच्या दूर्वांतून आली," अनुश्री म्हणाली.

चमचे वाजायचे थांबले. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"अनुश्री, चेष्टेची वेळ आहे का ही?"

"चेष्टा नाही आई. हिरवं रान कुठं आहे? ते तर सगळं कापलं. हा एवढा तुकडा ताईंनी राखला. पाऊस नव्हता तेव्हा रोज पहाटे पाणी घातलं." तिनं सूप छातीशी धरलं. "त्यांच्या हातचं चालत नाही ना आपल्याकडे? मग ही गौरही चालायची नाही. मी हिला आत नाही आणणार."

"माझं काही नाही बाई," शैलजा मागून पुटपुटली, "पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे कोण शैलजाकाकू? सगळे तर इथंच उभे आहेत."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रत्येकीला वाटत होतं की लोक म्हणजे दुसरी कुणीतरी.

"आपोआप उगवतात त्या," काकू म्हणाल्या, पण आवाजात जोर राहिला नव्हता. "हरळीच ती."

"तुम्ही खिडकीतून पाहिलंय आई," अनुश्री हलकेच म्हणाली. हे तिनं फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं म्हटलं. "त्या दिवशी मी मागेच उभी होते."

काकूंचा चेहरा खर्रकन उतरला. सुनेनं इतके दिवस हे पोटात ठेवलं होतं आणि आत्ताही चारचौघींत उघडं पाडलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही काकूंच्या मनात पहिला विचार आला तो हाच, की बघा, सूनही तिच्याच बाजूची आणि गौरही! मग तो विचार त्यांना स्वतःलाच ऐकू आला, जणू दुसऱ्या कुणी मोठ्यानं बोलावा तसा. त्यांना लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लाज वाटली.

त्यांनी उंबरा ओलांडला. बायकांनी वाट दिली. काकू अनवाणी प्लॉटातून चालत गेल्या, कापलेल्या गवताची खुंटं पायाला टोचत होती. त्यांनी देवयानीचं दार वाजवलं.

देवयानी घरच्या सुती साडीत बाहेर आली. "काय झालं काकू? काही हवंय का?"

"तू हवी आहेस. चल."

देवयानीनं दिघ्यांच्या दारातली गर्दी पाहिली आणि तिला सगळं कळलं. ती जागची हलली नाही. "अनुश्री अडून बसलीय म्हणून आलात ना? नको काकू. मुहूर्त टळू नये म्हणून मी नाही येणार. माझ्यासाठी बोलावलंत तर येईन."

काकूंना वाटलं होतं, ती डोळे पुसत धावत येईल. हे त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांनी पायात रुतलेलं गवताचं खुंट उपटून टाकलं. शेवटी म्हणाल्या, "रीत वगैरे काही नव्हतं गं. माझ्या पोटात दुखत होतं. तू नेसवलेली साडी, सगळ्यांनी तुझंच नाव घेणं, परवा आमच्या ह्यांनी भारे उचलणं. हृषीकेश गेला आणि मला निमित्त मिळालं. एवढंच खरं आहे."

दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. देवयानी रागावली होती, आणि रागावायचा तिला पुरता हक्क होता.

"दोन वर्षं मी या दाराच्या आतून थाळ्या वाजताना ऐकतेय काकू," ती म्हणाली. "मी येते. पण मागच्या दारानं नाही. कनिष्ठा माझ्या हातात द्या. आणि सगळ्यांसमोर मला हळदीकुंकू लावा. एकांतात नाही."

"लावते."

दोघी प्लॉटातून परत आल्या. काकूंनी तबक उचललं. बोट हळदीत, मग कुंकवात बुडवलं आणि सगळ्यांदेखत देवयानीच्या कपाळावर नीट टेकवलं. मागं उभ्या असलेल्या दोन बायका चपला घालून निघून गेल्या, त्यांना कुणी थांबवलं नाही. शैलजानं सूप पुढं केलं आणि म्हणाली, "घे गं बाई. माझे हातही दुखायला लागले होते." आणि मग तीच रडायला लागली.

काकू उंबऱ्याच्या आत जाऊन उभ्या राहिल्या.

"गौर आली, कुठून आली?"

"खाली प्लॉटावरून आली!" देवयानी म्हणाली, आणि अख्खं अंगण हसलं.

"कशाच्या पावलांनी आली?"

देवयानीनं खाली पाहिलं. पाय मातीनं भरले होते, बोटांच्या बेचक्यात हरळीची पाती अडकली होती. "मातीच्या पावलांनी आली काकू."

काकूंनी तेच पाय धुतले आणि तिला आत घेतलं.

देवघरात सूप ठेवताच देवयानीनं त्या कललेल्या साड्या पाहिल्या आणि तिला राहवेना. टाचण्या काढून तिनं निऱ्या सोडल्या आणि पुन्हा धरल्या. बघता बघता अंजिरी साडी अशी बसली की वाटावं, ज्येष्ठा आत्ता पाऊल उचलेल. बायका पुढं सरसावल्या. "देवयानी, क्या बात है गं!"

काकूंच्या पोटात दुखलं. हो, तेव्हाही दुखलं! माणसाचा स्वभाव एका संध्याकाळीत उपटून निघत नाही, गाजरगवतासारखा तो परत परत उगवतो आणि परत परत उपटावा लागतो. पण या वेळी त्यांनी त्या दुखण्याला रीत म्हटलं नाही, शास्त्र म्हटलं नाही, 'लोक बोलतात' म्हटलं नाही. त्यांनी टाचण्यांची डबी उचलली आणि देवयानीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"दुसरीच्या निऱ्या मी धरते," त्या म्हणाल्या. "कशा धरायच्या, ते दाखव मला."